निकाल लागला तेव्हा अर्जदार हयात नव्हता : फिलिपिन्सच्या निवडणूक आयोगास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व आयुक्त,
निवडणूक आयोग (कोमेलेक), मनिला.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी आपला मतदार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला, बोटीच्या इंजिनरूममध्ये डिझेलच्या वासात आयुष्य काढलेला माणूस आहे. आपल्या देशाच्या कारभारात नाक खुपसायचा मला काडीचाही अधिकार नाही. त्यातून पत्र मराठीत. ते आपल्या टेबलापर्यंत पोचेल अशी आशा नाही, आणि चुकून पोचलंच तर आवक विभागातला कारकून ते कुठल्या फायलीला लावावं या विवंचनेत पडेल. तरी पत्ता आपलाच घातला आहे. आपल्याकडच्या आंतिके प्रांताचे माजी गव्हर्नर एवेलियो हावियेर यांच्या खुनाला ११ फेब्रुवारी २०२६ ला ४० वर्षं झाली, आणि या माणसाच्या शेवटच्या दोन वर्षांची कागदपत्रं वाचताना ज्या संस्थेचं नाव पानोपानी येतं ती पोलीस नव्हे, लष्करही नव्हे. ती आपली संस्था.

बोटीवर फिलिपिनो खलाशी नाही असं सहसा होत नाही, आणि फिलिपिनो खलाशांत पनाय बेटाकडचा एखादा निघतोच. हावियेर हे नाव मी प्रथम अशाच एका बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, तोंडून ऐकलं. फेब्रुवारीचा महिना होता. त्याने घरी फोन लावला तर शिक्षिका असलेली बायको भर दुपारी घरात. कसली सुट्टी रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आमच्या गव्हर्नरला मारलं त्या दिवसाची." एवढं बोलून तो रंगाचा डबा उचलून पुढे निघून गेला. मी मात्र त्या वाक्यात अडकलो. आपल्याकडे पुढाऱ्याची जयंती असते, पुण्यतिथी असते. पण चार जिल्ह्यांएवढ्या मुलखाला एका प्रांताच्या माजी गव्हर्नरच्या खुनाच्या दिवशी कायद्याने सुट्टी, हे नवलच. प्रजासत्ताक कायदा क्रमांक ७६०१ मुळे ती आंतिके, इलोइलो, कापिझ आणि आकलान या चारही प्रांतांना आहे, हे पुढे कळलं. आंतिकेच्या राजधानीतल्या, सान होसेच्या, विमानतळालाही त्यांचंच नाव आहे.

माझ्या मराठी वाचकांसाठी थोडं सांगायला हवं, आपण ते सोडून दिलंत तरी चालेल. आंतिके हा पनाय बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लांबट, अरुंद प्रांत. समोर समुद्र, पाठीशी डोंगर, आणि डोंगरापलीकडे बाकीचे तिघे शेजारी. लोक किनारायआ बोलतात. जमीन थोडी, त्यामुळे माणसं बाहेर पडतात. कोणी बोटीवर जातं, कोणी हंगामात नेग्रोस बेटावर ऊस तोडायला. या ऊसतोड मजुरांना तिकडे साकादा म्हणतात. मुकादमाने आधी दिलेली उचल, ती फेडण्यासाठी गेलेला हंगाम, आणि शेवटी हिशोबाला बसलं की अंगावर राहिलेलं देणं, हा कारभार बीडच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

या प्रांतातल्या हामतिकमध्ये १९४२ साली हावियेर जन्मले. मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात शिकले, वकील झाले. अशी मुलं परत येत नाहीत, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हे आले. १९७१ च्या निवडणुकीत गव्हर्नर म्हणून निवडून आले तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. वर्षभरात, सप्टेंबर १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, जाहीर केला.

इथे त्यांचे भक्त जरा घाईने पुढे जातात, मी जाणार नाही. हावियेर १९८० पर्यंत गव्हर्नर होते, म्हणजे मार्शल लॉची जवळजवळ सगळी वर्षं ते खुर्चीवर होते. त्या काळात प्रांताचा गव्हर्नर राहायचं तर मनिलाशी जमवून घेतल्याशिवाय भागत नसणार. राजीनामा फेकून डोंगरात गेलेले, तुरुंगात सडलेले लोक तेव्हा होते, हे त्यांतले नव्हते. त्यांनी प्रांत चालवला. बिनिरायान हा आंतिकेचा आजचा मोठा उत्सव त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. बोर्निओहून दहा दातू, म्हणजे टोळीप्रमुख, होड्यांतून आले आणि हामतिकजवळ मालान्दोगला उतरले, या दंतकथेवर तो बेतलेला. इतिहासकार त्या कथेवर नाक मुरडतात, मुरडोत. शेजाऱ्यांच्या मानाने स्वतःला कमी समजणाऱ्या प्रांताला 'पहिले उतरले ते आमच्याकडे' असं म्हणायला मिळालं, आणि ते त्या तरुण गव्हर्नरला बरोबर उमगलं होतं. १९८० मध्ये त्यांनी पुन्हा उभं राहायचं नाकारलं आणि अमेरिकेत हार्वर्डला लोकप्रशासन शिकायला गेले. तिथेच थांबले असते तर आज निवृत्त प्राध्यापक असते, आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

ते परतले, आणि मे १९८४ मध्ये बातासांग पांबांसा या संसदेच्या आंतिकेतल्या जागेसाठी उभे राहिले. समोर मार्कोस यांच्या पक्षाचे आर्तुरो पासिफिकादोर. इथून पुढची गोष्ट आपल्या दफ्तरात आहे.

१३ मे ही मतदानाची आदली रात्र. सिबालोम गावाजवळच्या पांगपांग पुलावर हावियेर यांच्या माणसांवर दबा धरून गोळीबार झाला. सात जण मेले. दुसऱ्या दिवशी मतदान ठरल्याप्रमाणे पार पडलं. 'पार पडलं' हा शब्द आपल्याकडे अहवालात वापरतात, म्हणून मीही वापरतो. गावागावातल्या लोकांनी रात्रीतून पुलावरची बातमी ऐकली होती, आणि सकाळी त्यांना मतदान केंद्राची वाट चालायची होती.

मग मोजणी. हावियेर यांनी आपल्याकडे दिलेल्या तक्रारीत कालुया, तिबियाओ, बार्बासा, लाउआ-आन अशा गावांची यादी आहे. मतपेट्या पळवल्या, मतमोजणीचे तक्ते धाकदपटशाने भरून घेतले, अशा तक्रारी. त्यांतली सान रेमिहिओबद्दलची एक तक्रार मी विसरू शकत नाही. कायद्याने जे तक्ते मतपेटीत घालून सील करायचे, ते सिमेंटच्या पिशव्यांत आणि खाकी कागदात गुंडाळून आणले, असं तिच्यात म्हटलं आहे. सिमेंटची रिकामी पिशवी मी पुष्कळ हाताळली आहे. आतली भुकटी कितीही झटकली तरी जात नाही, बोटांना आणि आत ठेवलेल्या वस्तूला चिकटतेच. आपल्या मनिलाच्या कार्यालयात बसलेल्या आयुक्तांनी ही तक्रार वाचली तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यांनी काय केलं ते मात्र नोंदलेलं आहे.

१८ मे रोजी आयोगाच्या दुसऱ्या पीठाने प्रांताच्या मतमोजणी मंडळाला सांगितलं, बेरीज करा, पण विजेता इतक्यात जाहीर करू नका. ७ जूनला त्याच पीठाने सांगितलं, जाहीर करा. मंडळाने अपिलाची मुदत संपायच्या आतच जाहीर करून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा घाईची म्हणून रद्द केली. २३ जुलैला त्याच दुसऱ्या पीठाने निकाल देऊन पासिफिकादोर यांनाच निवडून आलेले ठरवलं.

या पीठावर एक आयुक्त होते हाइमे ओपिनियन. ते पूर्वी पासिफिकादोर यांचे वकिलीतले भागीदार होते. हावियेर यांनी अर्ज केला की यांनी या प्रकरणातून बाजूला व्हावं. ते झाले नाहीत. प्रकरण वेगळ्या पीठाकडे द्यायलाही त्यांनी हरकत घेतली. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या तंट्यातसुद्धा 'हा त्याचा मेहुणा, याला पंच नको' असं कोणी उठून म्हटलं तर मेहुणा निदान खाली मान घालतो. आणि हे एका देशाच्या निवडणूक आयोगात चाललं होतं.

त्या वेळच्या घटनेत आणखी एक स्पष्ट तरतूद होती. बातासांगच्या सदस्यांविषयीचे वाद आयोगाच्या पूर्णपीठाने ऐकून निकाली काढायचे, तीन जणांच्या पीठाने नाही. आयोगाचं म्हणणं पडलं की विजेता जाहीर होण्याआधी तो 'सदस्य' कुठला? म्हणून हा त्या प्रकारचा वादच नव्हे. युक्तिवाद मोठा चतुर आहे. आधी तिघांनी विजेता ठरवायचा, आणि तो ठरला की मग सगळ्यांकडे दाद मागायला सांगायचं. अशी चतुराई मी बंदरातल्या कस्टमवाल्यांत पाहिली आहे.

हावियेर सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण पडून राहिलं.

दरम्यान मार्कोस यांनी अचानक अध्यक्षपदाची निवडणूक लावली, ७ फेब्रुवारी १९८६ ला. मार्कोस यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कोरी अकिनो यांच्या आंतिकेतल्या प्रचाराचे हावियेर प्रमुख होते. मतदानानंतर दोन दिवसांनी, ९ फेब्रुवारीच्या रात्री, मनिलाच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात आपल्याच मोजणीच्या संगणकांवर बसलेले तीसेक कर्मचारी उठले आणि चालते झाले. संगणकातून निघणारे आकडे आणि भिंतीवरच्या फलकावर लागणारे आकडे जुळत नव्हते, म्हणून. त्यांत बऱ्याचशा बायका होत्या. जाताना कोणाच्या डोळ्यांत पाणी होतं, हातात डिस्क होत्या. आयोगाची अब्रू त्या रात्री राखली ती या पगारी माणसांनी, आयुक्तांनी नव्हे. माझ्या मते कोमेलेकच्या इतिहासातली सगळ्यात अभिमानाची घटना तीच.

आणखी दोन दिवसांनी, ११ फेब्रुवारीच्या सकाळी, सान होसे दे बुएनाविस्ता या प्रांताच्या राजधानीत कॅपिटोलच्या इमारतीत मतांची बेरीज चालू होती. हावियेर त्यावर लक्ष ठेवायला आले होते. तोंडं झाकलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जखमी अवस्थेत चौकातून पळाले आणि एका शौचालयात शिरले. मारेकरी मागोमाग गेले आणि तिथे त्यांनी काम पुरं केलं. दिवसाढवळ्या, गजबजलेल्या गावात, बेरीज चालू होती त्या इमारतीच्या हाकेवर. ते ४३ वर्षांचे होते. दोन आठवड्यांनी, २५ फेब्रुवारीला, मार्कोस देश सोडून गेले.

खुनाच्या खटल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या अखत्यारीतला नाही. पासिफिकादोर फरार झाले, १९९५ मध्ये शरण आले आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्यांना या खुनातून निर्दोष सोडलं. त्यांचे वकील आवेलिनो हावेयाना आणि इतर काही जण दोषी ठरले. निर्दोष म्हटलं म्हणजे निर्दोष, त्यावर मी माझी अक्कल चालवणार नाही.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या निकालाबद्दल. हावियेर विरुद्ध कोमेलेक, २२ सप्टेंबर १९८६. बंदरात माल भरायला लागायची वाट बघत बोट नांगरावर पडून होती तेव्हा मी तो वाचला. कायद्याचा मला गंध नाही, अर्धी कलमं डोक्यावरून गेली. पण गाभा समजायला वकील असावं लागत नाही. निकाल लागला तेव्हा परिस्थिती अशी होती की अर्जदाराचा खून झालेला, प्रतिवादी बेपत्ता, ज्या संसदेच्या जागेसाठी भांडण ती संसद बरखास्त झालेली, ज्या घटनेचा आधार तीही गेलेली. अकिनो यांच्या नव्या सरकारचा सॉलिसिटर जनरल न्यायालयाला म्हणाला की आता या खटल्यात राम उरला नाही, काढून टाका. आणि हे नवं सरकार हावियेर यांच्याच बाजूचं होतं, हे लक्षात घ्या.

न्यायमूर्ती इसागानी क्रूझ यांनी लिहिलं की हे इतकं सोपं नाही, या प्रकरणापायी माणसं मेली आहेत, त्यांत स्वतः अर्जदारही आहे. खटला निरर्थक झाला या सोयीच्या सबबीवर हे न्यायालय चुकीवर पांघरूण घालणार नाही. आणि मग त्यांनी जिवंत पक्षकारांचा वाद असावा तसा एकेक मुद्दा घेऊन तो निकाली काढला. पूर्णपीठ हवं होतं, ते बसलं नाही. निःपक्ष न्यायाधीश हवा होता, तो मिळाला नाही. भागीदाराने भागीदाराचा न्याय करायला बसणं म्हणजे न्याय नव्हे, आधीच ठरलेल्या गोष्टीवर शिक्का. शेवटच्या आदेशात म्हटलं आहे, नोंदीत असं राहू द्या की मधल्या घटनांनी हा खटला निरर्थक केला नसता तर अर्ज मंजूर झाला असता आणि कोमेलेकचा २३ जुलै १९८४ चा निर्णय घटनाविरोधी म्हणून रद्द झाला असता.

'झाला असता.' हावियेर यांच्या वाट्याला न्याय आला तो व्याकरणातल्या या काळात. माझी तक्रार न्यायमूर्ती क्रूझ यांच्याविषयी नाही, त्यांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. माझी तक्रार मधल्या दोन वर्षांविषयी आहे.

आता आपण म्हणाल, ती मार्कोसशाही होती, आजचं कोमेलेक ते नव्हे. मान्य. २०१० पासून आपल्याकडे मतपत्रिका यंत्राने वाचल्या जातात, तक्ते हाताने भरून सिमेंटच्या पिशवीतून आणायची सोयच राहिलेली नाही. आणि परदेशातल्या मतदाराच्या बाबतीत तर आपण आमच्या फार पुढे गेलात. एप्रिल-मे २०२५ मध्ये आमच्या बोटीवरच्या एका ऑइलरने मेसमध्ये बसून, पुढ्यात भाताची थाळी, मोबाइलवर आपल्या सेनेटसाठी मत दिलं. बारा नावं निवडायची होती, त्यावरून टेबलाभोवती भांडणही झालं. मी बघत होतो. माझं नाव गावच्या यादीत आहे, पण नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी हिंदी महासागरात होतो, आणि आमच्या कायद्याने मर्चंट नेव्हीच्या माणसाला केंद्रावर हजर राहिल्याशिवाय मत देता येत नाही. टपालाने नाही, मोबाइलने तर नाहीच. त्या पोराचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पण यंत्रांनी हावियेर यांचा कुठला प्रश्न सुटला असता? पुलावर दबा धरणाऱ्यांना यंत्राचं काय भय? वकिलीतला जुना भागीदार पीठावर बसला, त्याला कुठला स्कॅनर अडवणार? तीन जणांनी निकाल द्यायचा की सगळ्यांनी, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. निवडणुकीनंतर सहा-आठ महिने, दोन वर्षं प्रकरण टेबलावर पडून राहिलं तर मतं एका तासात मोजल्याचा उपयोग काय? यंत्र आणलं म्हणजे आयोग निःपक्ष झाला, असा समज दोन्हीकडे रूढ होत चाललाय. आमच्याकडेही लोक यंत्रावरून रात्रंदिवस भांडतात, आणि खुर्चीवर कोण बसवला, कोणी बसवला, यावर त्या मानाने कमी बोलतात. आपल्याकडे सातही आयुक्त राष्ट्राध्यक्ष नेमतात, काँग्रेसच्या, म्हणजे आपल्या संसदेच्या, नेमणूक समितीची संमती लागते, मुदत सात वर्षं. आज नेमणारे राष्ट्राध्यक्ष त्याच मार्कोस यांचे चिरंजीव आहेत, हे मी आपल्याला सांगावं असं नाही. लोकांनी त्यांना २०२२ मध्ये निवडून दिलं आहे, त्यावर माझं म्हणणं नाही. पण १९८४ चं दुसरं पीठ आठवायला आजच्याइतकी योग्य वेळ कुठली?

आणखी एक प्रकरण काढतो, ते आपल्याला आवडणार नाही, हावियेर यांच्या चाहत्यांनाही आवडणार नाही. एवेलियो गेले, पण हावियेर हे नाव आंतिकेच्या राजकारणातून गेलं नाही. धाकटे भाऊ एक्सेकिएल १९८७ पासून आलटून पालटून काँग्रेसमध्ये आणि गव्हर्नरच्या खुर्चीवर, मग पुढच्या पिढीतले पाओलो काँग्रेसमध्ये. १९८७ च्या आपल्या नव्या घटनेने राजकीय घराण्यांवर बंदी घातली, फक्त व्याख्या कायद्याने करायची ठेवली, आणि ती व्याख्या ज्यांनी करायची त्या काँग्रेसमध्ये घराणीच बसलेली. हुतात्म्याच्या पुण्याईवर किती वर्षं मतं मागावीत याचा हिशोब आंतिकेच्या मतदारांनी मांडावा, मी बाहेरचा.

पण त्यातही कोमेलेक आलंच. २०१३ च्या निवडणूक काळात गव्हर्नर एक्सेकिएल हावियेर यांनी आंतिकेतल्याच व्हाल्देरामा गावाच्या महापौरांना निलंबित केलं. त्या काळात असं निलंबन करायला आयोगाची मनाई होती. त्यावरून आपल्या दुसऱ्या पीठाने, आणि जानेवारी २०१५ मध्ये पूर्णपीठाने, त्यांना अपात्र ठरवलं, आणि त्यांना गव्हर्नरची खुर्ची सोडावी लागली. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला. ज्या कलमाखाली अपात्र ठरवलं ते कलमच पूर्वी रद्द झालेलं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. खटल्याचं नाव पुन्हा हावियेर विरुद्ध कोमेलेक. एक्सेकिएल यांची बाजू घ्यायची मला हौस नाही, महापौराला त्या काळात हात लावायला नको होता असंच माझं मत. पण तारखा बघा. गव्हर्नरची मुदत ३० जून २०१६ ला संपत होती आणि निकाल आला जानेवारीत. १९८६ ला निकाल आला तेव्हा जागाच उरली नव्हती, २०१६ ला आला तेव्हा मुदतीचे काही महिने उरले होते. तीस वर्षांतली सुधारणा म्हणायची तर ही.

बोसनला मी एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे या गव्हर्नरबद्दल शाळेत काय शिकवतात? तो म्हणाला, खून कसा झाला ते सगळ्यांना येतं. कुठून पळाले, कुठे शिरले, शाळेतली पोरं चौकात बोट दाखवून सांगतात. खटल्याचं? खटल्याचं त्याला काही ठाऊक नव्हतं. तिथेच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. माणूस मेला कसा हे गावाच्या तोंडी राहिलं, आणि तो कशासाठी भांडत होता ते वकिलांच्या पुस्तकात गेलं.

म्हणून तीन विनंत्या. कोणी परकं सांगतंय म्हणून रागावू नये.

आयुक्तावर हितसंबंधाचा आक्षेप आला तर त्याने स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवू नये. उरलेल्यांनी ठरवावं, लेखी ठरवावं, आणि तो कागद निकालासोबतच लोकांना वाचायला मिळावा. ओपिनियन यांनी बाजूला व्हायला नकार दिला तेव्हा त्यांना बाजूला करणारं कोणी नव्हतं, हीच त्या प्रकरणाची मेख आहे.

निवडून आलेल्या माणसाच्या जागेबद्दलचा वाद त्याची निम्मी मुदत जायच्या आत निकालात निघालाच पाहिजे. नाही निघाला तर का नाही, हे आयोगाने दर वर्षी प्रकरणवार छापावं. नुसती संख्या नको, पक्षकारांची नावं आणि तारखा. सेलफोनवर मत घेणाऱ्या संस्थेला एवढं जड जाऊ नये.

आणि तिसरी, सर्वांत स्वस्त. आपल्याकडे मतदान केंद्र सांभाळतात ते सरकारी शाळांतले शिक्षक, आमच्याकडे जिल्हा परिषदेचे गुरुजी सांभाळतात तसेच. बेरजेच्या मंडळावर बसणारे अधिकारी वेगळे. या सगळ्यांच्या प्रशिक्षणात यंत्र कसं चालू करायचं, शाई कुठे लावायची, पावती कशी फाडायची हे शिकवता, ते शिकवाच. त्यात हावियेर विरुद्ध कोमेलेक, १९८६, हा निकाल वाचून दाखवायचा एक तास घाला. सगळा नको. सान रेमिहिओच्या तक्त्यांचा परिच्छेद, भागीदाराचा परिच्छेद आणि शेवटचा आदेश. आणि तो मनिलाहून आलेल्या वकिलाने इंग्रजीत वाचू नये, तिथल्याच एखाद्या बाईंनी किनारायआमध्ये सांगावा. समोर बसलेल्यांत पांगपांगच्या पुलावर गेलेल्यांची नातवंडं असतील, तेव्हा नावं नीट घ्यावीत.

सुरुवात आंतिकेपासूनच करावी. ११ फेब्रुवारीला आपलं तिथलं कार्यालय कायद्याने बंद असणार आणि शिक्षकांनाही सुट्टी असणार, म्हणून १० तारीख सुचवतो.

कळावे. उत्तराची घाई नाही, पुढचे काही महिने मी बोटीवर आहे.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक मरीन इंजिनियर